तिच्याबद्दल कुतूहल, तिच्यात रस

“इंटरेस्ट आहे की नाही, एवढंच सांग.” माझ्या मैत्रिणीने एका मुलाला हे विचारलं तेव्हा त्यांची ओळख जेमतेम तीन आठवड्यांची होती. तोवर त्याने तिचे इन्स्टाग्रामवरचे पार २०१४ पर्यंतचे फोटो पाहून झाले होते. तिच्या कॉलेजच्या एकांकिकेचं नाव त्याला पाठ होतं. पहिल्या भेटीत त्याने इतके प्रश्न विचारले की तिची कॉफी गार झाली. “आहे ना,” तो म्हणाला आणि चौथ्या आठवड्यात गायब झाला. ना भांडण, ना निरोप.

“अगं, एवढा इंटरेस्ट दाखवून माणूस असा कसा जातो?” ती मला विचारत होती. माझ्या मते त्याने इंटरेस्ट दाखवलाच नव्हता. त्याला कुतूहल होतं. ते शमलं, तो गेला.

‘इंटरेस्ट’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. मराठीत त्या वेगळ्याच होत्या, आणि फरक अगदी व्याकरणात दिसतो. ‘मला तिच्याबद्दल कुतूहल आहे’, पण ‘मला तिच्यात रस आहे’. एकीकडे ‘बद्दल’, दुसरीकडे ‘त’. कुतूहल बाहेर उभं राहून खिडकीतून डोकावतं. रस आत शिरतो आणि आत शिरल्यावर तिथली भांडी घासायचीही वेळ येते. क्रियापदंही पाहा. कुतूहल चाळवतं आणि शमतं, तहानेसारखं. रस मात्र ‘घ्यावा’ लागतो. ‘पोराच्या अभ्यासात जरा रस घे’ असं आपण बापाला सुनावतो. ‘कुतूहल घे’ असं कुणाला सांगताच येत नाही.

विवाहजुळणीच्या साइटवर ‘इंटरेस्ट पाठवा’ असं बटण असतं. फोटो, उंची, पगार बघून बोट दाबायचं. खरं तर त्या बटणावर ‘कुतूहल आहे, पुढची माहिती द्या’ असं लिहायला हवं. कांदेपोह्यांच्या काळात मंडळी ‘मुलगी बघायला’ येत, निदान शब्द तरी सरळ होता. (बाकीचं किती सरळ होतं ते सोडा.)

कुतूहलाला प्रेम समजण्याची चूक मात्र फार सहज होते, आणि त्यात आपला दोष कमी आहे. २०११ मध्ये व्हर्जिनिया आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४७ विद्यार्थिनींना चार तरुणांची फेसबुक प्रोफाइल दाखवली. काहींना सांगितलं, या मुलांना तुम्ही खूप आवडलात. काहींना सांगितलं, ठीकठाक आवडलात. उरलेल्यांना सांगितलं की यातलं काहीही असू शकतं, नक्की नाही. सगळ्यात जास्त ओढ वाटली ती या तिसऱ्या गटाला, आणि त्या मुलांचे विचारही याच गटाच्या डोक्यात जास्त घोळत राहिले. म्हणजे ‘ब्लू टिक आली, उत्तर का नाही आलं?’ म्हणून रात्री दोनला जागणाऱ्या माणसाला छळत असतं ते बहुतेक वेळा न सुटलेलं कोडं. समोरची व्यक्ती त्यात निमित्तमात्र असते. उत्तर आलं की चार दिवसांत झोप नीट लागते आणि ‘आता पहिल्यासारखं वाटत नाही’ सुरू होतं.

उलटंही घडतं. ब्रेकअपला चार वर्षं झालीत, आपला संसार छान चाललाय, तरी त्याच्या लग्नाचे फोटो दिसले की आपण झूम करून बायकोची साडी बघतो. मग अपराधी वाटतं: अजून मनात आहे की काय? नसतं हो. रस केव्हाच आटलेला असतो, कुतूहल तेवढं मागे रेंगाळतं.

मग ओळखायचं कसं? मी पहिला प्रश्न सोडून देते आणि दुसऱ्याची वाट बघते. पहिला प्रश्न कुणीही विचारतो. ‘सुट्टीत काय केलंस?’ ‘गावी गेले होते, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.’ कुतूहल असलेला माणूस इथून ‘अच्छा, आणि सिनेमे कुठले आवडतात?’ वर उडी मारतो. रस असलेला विचारतो, ‘मग आता दिसतंय का त्यांना नीट?’ हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली, तेव्हा असे उत्तरातून उगवलेले प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळालेले दिसले. नुसती प्रश्नांची सरबत्ती मुलाखतीतही होते.

‘कुठे होतीस, कोण होतं सोबत, फोन का नाही उचललास’ यालाही काही मुली ‘किती काळजी करतो’ म्हणतात. ही चौकशी. तिचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

आणि लग्नाला वर्षं झाली की गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. रस टिकतो, कुतूहल मरतं. विल्यम स्वान आणि मायकेल गिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की नातं जितकं जुनं, तितकी जोडीदाराला आपण ओळखतो ही खात्री वाढत जाते. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याच घरचा गेल्या मे महिन्यातला रविवार आठवला. बाबा दरवर्षी स्वतः आंबे निवडून आणतात आणि आमरसाची पहिली वाटी आईच्या पानात वाढतात. बेचाळीस वर्षं. त्या दिवशी नातीने विचारलं, “आजी, तू रस नेहमी शेवटी का खातेस?” आई म्हणाली, “मला कुठे आवडतो गं फारसा.”

बाबांचा हात वाटीवरच थांबला. “मग इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेनं वाढता. आणि विचारलंत कधी?”

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बाबांनी विचारलं, “मग तुला कसा आवडतो आंबा?”

“फोडी. सालासकट.”

बाबा उठून सुरी आणायला गेले.