बावडी राक्षसांनी बांधली नाय हो

आमच्या वऱ्हाडात कुठलीबी जुनी दगडी बावडी दाखवा, लोकं लगेच सांगतात का हेमाडपंतानं राक्षसं लावून एका रात्रीत बांधली, पुरातत्वच्या बोर्डाजवळ उभं राहून सांगतात अन् व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच फिरतं. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, यादव राजा महादेव (१२६१-१२७१) अन् मग रामचंद्राचा मंत्री, खराखुरा माणूस. पण चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची ही पद्धत त्याच्याही आधीची, अंबरनाथचं देऊळ १०६० चं आहे, म्हणजे दोनशे वर्षं अगोदरचं, नाव मात्र त्याचं चिकटलं.

एकदा खाली उतरून जवळून बघा ना, दगडावर छिन्नीचे घाव दिसतात, सांध्यात बोट घातलं का पावसाळ्यानंतर ओल लागते. झरे त्याच फटींतून आत येतात अन् भिंतीमागं पाण्याचा दाब साचत नाही, हे पाथरवटांचं डोकं हो, त्याचं क्रेडिट राक्षसांना देताना मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून कोणी फटी बुजवायला सिमेंट आणलं तर तिथंच थांबवा, झरे बंद होतात, अन् संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय असं काम करताच येत नाही.