घाऊक आणि किरकोळ : पक्षांतराच्या कायद्याची कुळकथा

निवडणूक लागली की दोन शब्द हमखास ऐकू येतात. एक ‘निष्ठावंत’, दुसरा ‘आयाराम-गयाराम’. निष्ठावंतांनी सतरंज्या उचलायच्या आणि तिकीट कालपरवा आलेल्याने न्यायचे, ही तक्रार एव्हाना सगळ्याच पक्षांत जुनी झाली आहे. दुसरा शब्द मात्र नेमका कुठून आला, ते सांगता येते.

1967 च्या निवडणुकीत हरियाणातल्या हसनपूरमधून गया लाल अपक्ष निवडून आले. ते काँग्रेसमध्ये गेले, मग संयुक्त आघाडीत, पुन्हा काँग्रेसमध्ये आणि काही तासांतच परत आघाडीत. हे सगळे पंधरा दिवसांत. आघाडीचे नेते राव बिरेंद्र सिंग यांनी त्यांना पत्रकारांसमोर उभे केले आणि ‘गयाराम आता आयाराम झाले’ असे जाहीर केले. गया लाल यांचे नाव त्यामुळे कायमचे बदनाम झाले. खरे तर ते एकटे नव्हते. मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या एका वर्षात देशात 438 पक्षांतरे झाली. त्याआधीच्या जवळपास दहा वर्षांत मिळून 542 झाली होती.

अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत तेव्हा निसटले होते आणि दोन-चार आमदारांवर सरकार पडत-उभे राहत होते. अशा बाजारात वाऱ्याची दिशा ओळखणाऱ्याला भाव येणारच. लोकसभेच्या ठरावानंतर गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरांवर समिती नेमली गेली. तिच्या 1969 च्या अहवालातला एक आकडा पुरेसा बोलका आहे : पक्ष बदललेल्या 210 आमदारांपैकी 116 जणांना मंत्रिपद मिळाले होते.

चव्हाणांनी या समितीचे अध्यक्ष असावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. महाराष्ट्रात ‘बेरजेचे राजकारण’ हा शब्द रुजवला त्यांनीच. विरोधी पक्षांतली, विशेषतः शेतकरी कामगार पक्षातली, कर्ती माणसे काँग्रेसमध्ये घ्यायची, अशी ती बेरीज. शेकाप काँग्रेसशी तात्त्विक मतभेदांतूनच जन्मला होता. पण केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे त्याचे संस्थापकच पुढे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. स्वतः चव्हाण 1979 मध्ये चरणसिंग यांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले आणि काही वर्षांतच इंदिरा काँग्रेसमध्ये परतले.

याच शेकापमध्ये सांगोल्याचे गणपतराव देशमुखही होते. 1962 मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, एकूण अकरा वेळा निवडून आले, 1972 आणि 1995 मध्ये पडले. मंत्रीही झाले, पण आपल्या पक्षातूनच. पक्ष आक्रसत गेला, त्यांनी लाल बावटा सोडला नाही. त्यांना धरून ठेवायला कुठल्याही कायद्याची गरज पडली नव्हती.

कायदा यायला बराच काळ गेला. 1973 चे विधेयक बारगळले. 1978 मध्ये जनता सरकारने आणलेल्या विधेयकाला सत्ताधारी बाकांवरूनच विरोध झाला आणि विरोध करणाऱ्यांत मधु लिमये होते. अखेर 1985 मध्ये राजीव गांधींच्या काळात 52 वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला. पक्ष सोडला किंवा व्हीप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी, खासदारकी जाणार. पण एकतृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ आणि दोनतृतीयांश गेले तर ‘विलीनीकरण’, म्हणजे दोन्हींना माफी. किरकोळ विक्री बंद आणि घाऊक चालू, अशी टीका तेव्हापासून होत आली.

मला यातली खरी गफलत वेगळी वाटते. कायद्याने निष्ठा मोजली ती व्हीपने. तत्त्वासाठी एकट्याने पक्षाविरुद्ध मत देणारा अपात्र ठरतो आणि सत्तेसाठी टोळीने जाणारा वाचतो. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने फुटीची सवलत काढली, मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणली. मग सगळी कसरत दोनतृतीयांशावर येऊन थांबली. जून 2022 मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीत असताना अख्खा महाराष्ट्र 55 चे दोनतृतीयांश म्हणजे 37 हे गणित करत होता.

गोव्यात हे गणित अगदी काटेकोर बसले. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी बरोबर 10 आमदार भाजपमध्ये गेले. हात पोळलेल्या काँग्रेसने जानेवारी 2022 मध्ये आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रॉस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरमध्ये 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले. शपथेचे काय, असे विचारल्यावर माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितले, की आपण देवाला पुन्हा विचारले आणि तुला योग्य वाटेल ते कर, असे देव म्हणाला.