आदाम आणि हव्वा (ड्यूररचं एनग्रेव्हिंग, १५०४)

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१-१५२८) याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. साइज फक्त २५ बाय १९ सेंमीच्या आसपास, पण त्यात अख्खी एदेन बाग आहे, म्हणजे देवाने पहिल्या माणसांना, आदाम आणि हव्वेला, जिथे ठेवलं ती बाग. प्रसंग बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातला, तिसऱ्या अध्यायातला: झाडाला वेटोळं घातलेला साप तोंडातलं, देवाने खाऊ नका म्हणून सांगितलेलं फळ हव्वेला देतोय, आदामने हात पुढे केलाय, अजून कोणी खाल्लेलं नाही.

आता विषय धार्मिक असला तरी ड्यूररचं खरं लक्ष शरीराच्या मापांवर होतं हे बघताक्षणी कळतं. माणसाचं परफेक्ट शरीर कुठल्या प्रमाणात बसतं याचा त्याने अनेक वर्षं पिच्छा पुरवला, रोमन लेखक विट्रुव्हियसची मापं अभ्यासली, आणि इथला आदाम तर अपोलोच्या प्राचीन पुतळ्यासारखाच उभा आहे, एक पाय सैल सोडून. बायबलच्या गोष्टीत ग्रीक देव घुसवला म्हणा ना!

खाली प्राण्यांकडे नीट बघा. मांजर, ससा, बैल आणि मागे एल्क हरीण. यांचा अर्थ साधारण असा लावतात की हे जुन्या युरोपीय समजुतीतले माणसाचे चार स्वभाव, तापट, रंगेल, सुस्त आणि उदास, जे पापाआधी माणसात समतोल होते आणि फळ खाल्ल्यावर बिघडले. मांजरीच्या पुढ्यात उंदीर आहे पण मांजर अजून झडप घालत नाहीये, तेवढ्या एका तपशिलात सगळा प्रसंग आला. लांब कड्याच्या टोकावर एक बोकड, तो शोधावा लागतो.

आदामने धरलेल्या फांदीवर पोपट बसलाय आणि शेजारी पाटी लटकतेय, त्यावर लॅटिनमध्ये ‘न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने केलं, १५०४’ अशा अर्थाचा मजकूर. छापताना सगळं उलटं उमटतं, त्यामुळे ही अक्षरं पत्र्यावर आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागली. वडील सोनार, धातूवर कोरायचा हात घरातच तयार झालेला. कातडीवरची सावली बारीक रेघा आणि ठिपक्यांनी केलीय, पार्श्वभूमीचं जंगल मात्र गच्च काळं, म्हणून दोघं उठून दिसतात. काम अर्धवट असताना काढलेले छापही टिकलेत, त्यावरून कळतं की जंगल आधी कोरलं आणि शरीरं नंतर.

१५०७ मध्ये त्याने हाच विषय रंगात केला, दोन वेगळ्या फळ्यांवर, जवळपास खऱ्या माणसाच्या उंचीचा. ती चित्रं माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहेत.