मूत्रपिंडांचे कार्य : रक्ततपासणीवरून अंदाज

रक्तातील क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग गणिताने काढण्याची पद्धत. लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा ‘ईजीएफआर’ या नावाने येतो. शरीराचे क्षेत्रफळ १.७३ चौरस मीटर धरून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो, हे त्यावरून कळते. निरोगी तरुण माणसात तो साधारण ९० च्या वर असतो.

क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते, रोज जवळपास सारख्याच प्रमाणात, आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. गाळणे मंदावले की ते रक्तात साठते. मात्र स्नायू जितके जास्त तितके क्रिएटिनिनही जास्त, म्हणून नुसता आकडा फसवतो. समजा, निफाडच्या द्राक्षबागेत राबणारा २५ वर्षांचा तरुण आणि पंचवटीतल्या ७० वर्षांच्या आजी, दोघांचेही क्रिएटिनिन १.२ (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) आले. वय आणि लिंग धरणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-एपी सूत्राने तरुणाचा वेग सुमारे ८६ निघतो, आजींचा ४९. आजींच्या रिपोर्टवर १.२ हा आकडा बहुधा ठळकही छापला जात नाही आणि घरचे ‘नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होतात. क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापणे म्हणूनच गरजेचे आहे. क्रिएटिनिन ०.७ वरून १.४ वर गेले तर वाढ किरकोळ वाटते. प्रत्यक्षात गाळण्याची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते.

सूत्र गृहीत धरते की क्रिएटिनिनची पातळी स्थिर आहे. द्राक्षबागेतल्या एप्रिलमधल्या खरड छाटणीत दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर अंगदुखीची गोळी घेतलेल्या मजुराचे क्रिएटिनिन तात्पुरते चढू शकते. त्या दिवशीच्या आकड्यावर कायमच्या आजाराचा शिक्का मारणे चूक आहे. पण तो आकडा सोडून देणेही तितकेच चूक: वेदनाशामक थांबवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर पुन्हा तपासावे लागते, कारण असा ताण मूत्रपिंडांना खरोखर इजा करू शकतो. आदल्या रात्रीचे मटण किंवा जिममधली क्रिएटिन पावडर यांनीही आकडा वर जातो. उलट, कृश किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसात सूत्र मूत्रपिंडांना आहेत त्यापेक्षा चांगली दाखवते; तिथे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही रक्तचाचणी उपयोगी पडते.

वेग ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक राहिला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो. ४५ ते ५९, ३० ते ४४ आणि १५ ते २९ हे त्यापुढचे टप्पे. १५ च्या खाली मूत्रपिंडे निकामी झाल्याचे मानतात. तरी डायलिसिस केव्हा सुरू करायचे हे एकट्या आकड्यावर ठरत नाही, लक्षणेही पाहतात. औषधांचे हिशेब मात्र बऱ्याच आधी बदलतात: मधुमेहात सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन वेग ३० च्या खाली गेल्यावर बंद करतात. काही औषधांच्या मात्रेसाठी १९७६ चे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र आजही वापरतात. त्यात वजनही धरले जाते.

ईजीएफआर चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जात असू शकते. मधुमेहात मूत्रपिंडांच्या बिघाडाची पहिली खूण बहुधा तिथेच दिसते. म्हणून टाइप २ मधुमेहात निदानापासूनच वर्षातून एकदा रक्ताबरोबर लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही तपासतात. ते क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आले, तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.