पडतो पुढचा दात, येते मागची दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास खालचा पुढचा दात हलायला लागतो आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष तिथेच लागतं. दात पडतो, कौलांवर फेकून होतो. पण त्याच सुमारास तोंडाच्या पार मागे, एकही दात न पाडता, आयुष्यभराची दाढ गुपचूप वर येत असते. बहुतेक आईबाप तिला दुधाचीच समजतात. 'पडणारच आहे' म्हणून किडू दिलेली ही दाढ पुन्हा येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. मुलाला उजेडात बसवा, बोटाने गाल बाजूला करा आणि एका जबड्यातले मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजा. दात पडून मोकळी झालेली जागाही मोजायची. दुधाचे दात पाचच, दोन्ही जबड्यांत मिळून वीस. सहावी दिसली की ती कायमची.

हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकेपर्यंत तिला बरेच महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, म्हणून आडवा फिरणारा ब्रश तिच्यावरून नुसताच जातो. माथ्यावर खोल चिरा आणि वरचं आवरण अजून कोवळं. चवथीची नेवरी (करंजी), जत्रेतलं गुळाचं खाजं त्या चिरांत चिकटून बसतं. ब्रश गालाच्या बाजूने काटकोनात घालून ही दाढ वेगळी घासावी, मटाराएवढी फ्लोराइडची पेस्ट घ्यावी. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांनीच करावं, मुलाचा हात तिथवर नीट पोचत नाही. चिरा फार खोल असतील तर डॉक्टर त्या सीलंट नावाच्या लेपाने बुजवतात. त्यासाठी दाढ कापावी लागत नाही, इंजेक्शनही नको. गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

दुधाच्या दाढांचीही हेळसांड नको. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. किडून लवकर काढावी लागली, तर मागची नवी दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा जाते आणि तो वाकडा निघतो. अशा वेळी जागा राखणारी तार बसवावी लागते.

पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही, तेव्हा ते आत मोडून राहिलं असं वाटतं. तसं नसतं. नवा दात वर सरकताना खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत जातात, आधार सुटला की दात हलतो. म्हणून दोऱ्याने ओढू नका, मुलालाच जिभेने हलवू द्या. रक्त आलं तर स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटं चावून धरायला लावा.

कधी नवा दात जुन्याच्या मागे उगवून दोन रांगा दिसतात. जुना हलत असेल तर थांबा. तो पडल्यावर जीभच नव्याला हळूहळू पुढे ढकलते. नवा बराच वर आला आणि जुना अजून घट्टच असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.