नाटकाआधी भिंत: पॅरिसच्या रंगीत पोस्टरांची पूर्वपीठिका

१८९५ च्या पहिल्या दिवशी पॅरिसच्या भिंतींवर नटी सारा बर्नहार्टच्या 'जिस्मोंदा' नाटकाचं पोस्टर लागलं: दोन मीटरहून उंच, चिंचोळं, देवळातल्या मूर्तीसारखी उभी नायिका. ते काढणाऱ्या चित्रकाराचं, आल्फोन्स मुखाचं, नाव रातोरात गाजलं. नाताळच्या सुट्टीत छापखान्यात दुसरं कुणी सापडेना म्हणून काम त्याच्याकडे आलं, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मुखाचं कौतुक आहेच, पण ती भिंत त्याच्यासाठी कधीपासून तयार होत होती. ती तयार केली मुख्यतः ज्यूल शेरे या पोस्टरकाराने.

शेरे तेराव्या वर्षीच शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. चुनखडीच्या घोटीव दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेघ तेवढी ती धरते. जितके रंग तितके दगड, आणि दर वेळी कागद बिनचूक जुळवायचा. (आपल्या रविवर्मा प्रेसमधल्या लक्ष्मी-सरस्वती याच कुळातल्या. तो छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला.) १८५८ साली शेरेने संगीतकार ऑफेनबाखच्या 'ऑर्फियस' या संगीतिकेचं पोस्टर केलं, पण पुढे काम मिळेना. तो लंडनला गेला, आणि रिमेल नावाच्या अत्तरवाल्याच्या मदतीने १८६६ साली परतून त्याने स्वतःचा छापखाना काढला. तिथे तो स्वतः दगडावर चित्र काढी. मोजक्या दगडांवर शाईचे तुषार उडवून तो इतक्या छटा काढी की रंग मोजताना चुकायला व्हावं. तोवर नाटकाच्या जाहिराती म्हणजे बहुतेक अक्षरांची गर्दी. शेरेच्या कागदावर उसळणारी, हसणारी नर्तकी आणि खाली चार शब्द.

तोवर शहरही बदललं होतं. नवे रुंद रस्ते झाले होते, १८६८ पासून नाटकांच्या जाहिरातींसाठी मॉरिस या मुद्रकाचे गोल खांब उभे राहिले होते. आणि २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या कायद्याने पोस्टर लावण्यावरचे जुने निर्बंधही सैल झाले. प्रत्येक पोस्टरला सरकारी स्टँप मात्र लावावा लागे.

चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 'मूलाँ रूज' या नृत्यगृहाचं पोस्टर १८९१ चं, सुमारे तीन हजार प्रतींचं. एव्हाना शेरेला सरकारने 'लेजिओं द ऑनर' हा सन्मान देऊन झालं होतं. शौकीन मंडळी खळ वाळायच्या आत पोस्टरं उखडून नेत, किंवा चिकटवणाऱ्यालाच चार पैसे देत. १८९५ ते १९०० या काळात निवडक पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्या वर्गणीदारांना मिळू लागल्या, एकूण २५६ चित्रं. बर्नहार्टने मुखाशी सहा वर्षांचा करार केला.

आणि पॅरिसच्या जुन्या भिंतींवर आजही त्याच कायद्याच्या नावाने एक ओळ रंगवलेली दिसते: 'पोस्टर लावण्यास मनाई. कायदा २९ जुलै १८८१.'