वाडा-कारस्थान मालिका, चिनी

चिनी दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांचा एक लोकप्रिय प्रकार. चिनी नाव ‘झायदोउ’. सरदार, अधिकारी किंवा धनिक व्यापारी घराण्याच्या एकाच मोठ्या वाड्यात लग्नाची पत्नी, उपपत्नी, त्यांची मुले, सासू, आश्रित नातलग आणि दासदासी एकत्र नांदतात. सोयरिकी, हुंडा, वारसा आणि कोठीच्या किल्ल्या यांवरून त्यांच्यात जी चढाओढ चालते, तीच या मालिकांची कथावस्तू. प्रेमकथा बहुधा असतेच, पण ती या चढाओढीच्या पोटातच वाढते. राजवाड्यातील राण्यांच्या कारस्थानांवरील ‘गोंगदोउ’ हा प्रकार याला अगदी जवळचा आहे. तेथे सारी सत्ता सम्राटाच्या मर्जीवर अवलंबून असते. वाड्यात मात्र कुळाचे नियम, हिशेबाच्या वह्या आणि वडीलधाऱ्या सासूचा शब्द यांना वजन असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वाड्याचा विचार केला आहे.

उगम: या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत असे, की त्याची मुळे मिंग व छिंग राजवटींच्या काळांतील दोन मोठ्या कादंबऱ्यांत आहेत. त्यांपैकी ‘जिन पिंग मेइ’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचली गेली असावी. सर्वांत जुन्या ज्ञात छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेवर १६१७ या वर्षाशी जुळणारी तिथी आहे. शिमेन छिंग या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरातील सहा बायकांचे तीत चित्रण येते. पाचवी बायको पान जिनल्येन ही लाल रेशमात मांस गुंडाळून मांजराला त्यावर झडप घालायला शिकवते. पुढे सहावीचे तान्हे मूल लाल कपड्यात असताना मांजर त्याच्यावर तुटून पडते आणि त्या धसक्याने मूल दगावते. मुद्दाम ठरवून, पण हात न लावता केलेला घात हा आजच्या मालिकांचा आवडता धागा येथे पूर्णपणे तयार दिसतो.

दुसरी कादंबरी म्हणजे त्साओ श्वेछिन यांची ‘लाल महालातील स्वप्न’ (अठराव्या शतकाचा मध्य, १२० प्रकरणांची पहिली छापील आवृत्ती १७९१). प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हिचे महत्त्व अधिक मानावे लागते. पंचावन्नाव्या प्रकरणात उपपत्नी झाओ हिची मुलगी थानछुन काही काळ घराचा कारभार पाहत असते. त्याच वेळी झाओचा भाऊ मरतो. एका दासीच्या आईच्या अंत्यविधीला नुकतेच ४० तोळे रुपे दिलेले असल्याने येथेही तेवढेच द्यावे असे सुचवले जाते. थानछुन जुन्या वह्या मागवते, घरातल्या दासीपोटीच्या माणसांसाठी पूर्वी काय दिले ते पाहते आणि २० तोळेच मंजूर करते. जन्मदात्री आई रडून-ओरडून सुनावते, तेव्हा आपला मामा कोण, तर थोरल्या आईचा (वडिलांच्या लग्नाच्या पत्नीचा) भाऊ, असे मुलगी तिला तोंडावर सांगते. मोहरीएवढेही विष न वापरता घडणारा हा प्रसंग वाड्यातल्या सत्तेचे सर्वांत निर्मम चित्र असावा. १९८७ साली वांग फूलिन यांच्या दिग्दर्शनाखाली चिनी मध्यवर्ती दूरचित्रवाणीने या कादंबरीवर ३६ भागांची मालिका केली आणि वाड्याचे दृश्यरूप प्रेक्षकांच्या मनात ठसवले.

दुसरे मत हाँगकाँगच्या मालिकांना श्रेय देते. २००४ मध्ये तेथील टीव्हीबी वाहिनीने दाखवलेली राजवाड्यातील कारस्थानांची ३० भागांची मालिका मुख्य भूमीवरही गाजली. एकही पात्र निखळ भले नाही आणि निखळ दुष्टही नाही, ही तिची रचना पुढे अनेकांनी उचलली. मुख्य भूमीवर २००१ मध्ये ग्वो बाओछांग यांची ४० भागांची ‘मोठ्या वाड्याचा दरवाजा’ प्रक्षेपित झाली होती. बीजिंगमधील तोंगरेनथांग या जुन्या औषधपेढीच्या घराण्यात दत्तक म्हणून वाढलेल्या ग्वो यांनी त्या घराचेच चित्र तीत रंगवले. बुडालेली पेढी परत मिळवणारी दुसरी सून हा तिचा कणा आहे. तिला कारस्थान-मालिका म्हणावे की घराण्याची गाथा, याविषयी मतभेद संभवतो. दुसरी बाजू अधिक योग्य वाटते.

तिसरे मत संगणकजालावरील कादंबऱ्यांकडे बोट दाखवते. २००३ मध्ये सुरू झालेले जिनजियांग हे संकेतस्थळ आणि छीद्येन या संकेतस्थळाचा स्त्रियांसाठीचा विभाग यांवर प्रामुख्याने स्त्रिया स्त्रियांसाठी लिहीत. आधुनिक तरुणी मरून जुन्या काळातील एखाद्या उपपत्नीच्या मुलीच्या देहात जागी होते, हा त्यांतील ठरलेला आरंभ. आजच्या शहरी नोकरदार मुलीचे व्यवहारज्ञान घेऊन ती वाड्यात शिरते, आणि सासर हे तिला जणू कचेरीसारखे भासते. मालिकांत हा पुनर्जन्माचा भाग बहुधा गाळला जातो. काळप्रवासाच्या कथांविषयी नियामकांनी २०११ मध्ये व्यक्त केलेली नाराजी हे त्याचे एक कारण. नायिकेचा थंड, हिशेबी स्वभाव मात्र तसाच राहतो. कथानकाचा सांगाडा या कादंबऱ्यांचा आणि घरातले तपशील ‘लाल महाला’चे, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी सर्वांत जुळते.

थोरली आणि धाकटी शाखा: या मालिकांचे सारे नाट्य लग्नाच्या पत्नीची संतती (‘दी’) व उपपत्नीची संतती (‘शू’) या भेदावर उभे आहे. शू मुलगी म्हणजे दुय्यम स्थळ, कमी हुंडा, कायमची मान खाली, असे पडद्यावर दिसते. कायद्याची साधने पाहता चित्र थोडे वेगळे आहे. तांग विधिसंहितेनुसार (६५३) पत्नी असताना दुसरी पत्नी करणाऱ्यास एक वर्षाची, पत्नीला उपपत्नीच्या पायरीवर उतरवणाऱ्यास किंवा दासीला पत्नी करणाऱ्यास दोन वर्षांची, तर उपपत्नीला पत्नी करणाऱ्यास दीड वर्षाची सक्तमजुरी होती. ही कलमे ९६३ च्या सोंग दंडसंहितेत जवळपास जशीच्या तशी आली. म्हणजे पत्नी आणि उपपत्नी यांच्यातील भिंत खरोखरच पक्की होती. मुलांच्या बाबतीत ती तितकी पक्की नव्हती. पदवी व कुलपूजेचा अधिकार थोरल्या शाखेतील ज्येष्ठ पुत्राकडे जाई, आणि वारस चुकीचा नेमल्यास एक वर्षाची शिक्षा होती. पण जमीनजुमला सर्व पुत्रांत, आई कोणतीही असो, सारखा वाटला जाई. उपपत्नीच्या मुलाला वाट्यातून पूर्ण वगळले जाते असे दाखवणाऱ्या मालिका या मुद्द्यावर चुकतात.

मुलींच्या वाट्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दक्षिण सोंग काळातील न्यायनिवाड्यांच्या ‘छिंगमिंगजी’ या संग्रहात ल्यू खज्वांग (११८७–१२६९) यांच्या एका निकालात असे वचन येते, की आईबाप वारल्यावर मुलगे व मुली मालमत्ता वाटून घेत असतील, तर मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळावा. या एका ओळीवरून विसाव्या शतकात जपानी विद्वानांत दीर्घ वाद झाला. नीइदा नोबोरू यांनी ती दक्षिण चीनमधील प्रत्यक्ष रूढीची साक्ष मानली. शिगा शूझो यांना ती चिनी कुटुंबकायद्याच्या मूलतत्त्वांशी विसंगत वाटली, कारण तेथे वारसा हा पूर्वजांच्या पूजेशी बांधलेला होता आणि मुलगी ती पूजा करीत नसे. त्या वेळी अभ्यासकांपुढे टोकियोच्या सेइकादो ग्रंथालयातील अपुरी सोंगकालीन प्रत होती. अधिक पूर्ण अशी मिंग आवृत्ती हाती आल्यावर आणि तिच्या आधारे १९८७ मध्ये बीजिंगहून संशोधित पाठ छापला गेल्यावर वादाला नवे खाद्य मिळाले. कॅथरिन बर्नहार्ट (१९९९) यांनी असा सर्वसाधारण कायदा असल्याचे नाकारले. बेटिन बर्ज (२००२) यांनी तो होता असे धरून युआन (मंगोल राजवटीच्या) काळात स्त्रियांचे हक्क कसे आकसले ते दाखवले. कायदा अस्तित्वात होता, निदान तेराव्या शतकात न्यायाधीश त्याचा आधार घेत होते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र बहुतेक सोंगकालीन मालिका अकराव्या शतकात घडतात, आणि तेथवर हा पुरावा मागे खेचता येत नाही.

हुंड्याविषयी मालिका इतिहासाला बऱ्याच जवळ आहेत. बायकोच्या माहेराहून आलेले धन भावांच्या वाटणीत धरू नये, असे तांग-सोंग नियमांत स्पष्ट होते. त्यामुळे सुनेचा हुंडा हा एकत्र कुटुंबातला जवळजवळ एकमेव खाजगी पैसा ठरे, आणि सासरच्यांचा डोळा त्यावर असणे स्वाभाविक होते. फान झोंगयान यांनी १०५० मध्ये आपल्या कुळासाठी स्थापलेल्या धर्मादाय जमिनीच्या नियमांत मुलीच्या लग्नाला नाण्यांच्या ३० माळा, तर मुलाच्या लग्नाला २० माळा देण्याची तरतूद आहे. सून आणण्यापेक्षा मुलगी उजवणे तेव्हाच महाग झाले होते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची यादी लागताच तिच्याखालून जावई पळवून नेण्याची श्रीमंतांची घाई त्याच काळातली. उपपत्नी पुष्कळदा मुदतीच्या करारावर आणली जाई, हे पॅट्रिशिया एब्री यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखवले आहे; पडद्यावर त्याचा मागमूस फारसा नसतो.

मिंगलानची कथा: या प्रकारातील सर्वांत परिपूर्ण मालिका म्हणून हिचा निर्देश करावा लागेल. ग्वानशिन झल्वान या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या जाल-कादंबरीवर ती आधारलेली आहे. झांग काइझोउ यांचे दिग्दर्शन, होउ होंगल्यांग यांची निर्मिती, ७३ भाग, २५ डिसेंबर २०१८ पासून हुनान वाहिनीवर प्रक्षेपण. चिनी नाव ली छिंगझाओ (१०८४–सु. ११५५) या कवयित्रीच्या ३३ अक्षरांच्या एका लहानशा कवितेतून घेतले आहे: रात्रीच्या वादळानंतर फुले तशीच आहेत असे दासी म्हणते, आणि पाने भरली असतील, फुले मात्र झडली असतील, असे मालकीण तिला सांगते. कादंबरी मिंग काळासारख्या कल्पित जगात घडते. मालिकेने ती उत्तर सोंग काळात, निपुत्रिक सम्राटाच्या वारसाचा प्रश्न पेटलेला असताना, नेऊन ठेवली. हा बदल फार मोलाचा ठरला, कारण दरबारातला वारसाचा तंटा आणि वाड्यातला तंटा एकमेकांत गुंफता आले.

शेंग घराण्याचा प्रमुख शेंग होंग हा स्वतः उपपत्नीचा मुलगा. पत्नी वांग तापट आणि उघड्या मनाची. लाडकी उपपत्नी लिन नाजूक, गोड बोलणारी आणि आतल्या गाठीची. कुळातील सहावी मुलगी मिंगलान हिची आई वेइ ही दुसरी उपपत्नी. तिच्या खोलीला हिवाळ्यात मिळणारा कोळसा कमी पडू लागतो. विश्वासू दासी श्याओद्ये त्यावरून भांडते, तर तिच्यावरच चोरीचा आळ येतो आणि तिला घराबाहेर काढले जाते. मग गरोदर वेइकडे लिनच्या बाजूने पौष्टिक खाण्याचा रतीब सुरू होतो, पोटातले मूल वाढते, प्रसूती अडते, वैद्य वेळेवर येत नाही, आणि वेइ मरते. कोळशाच्या टोपलीपासून मृत्यूपर्यंतची ही वाट मालिका घाई न करता दाखवते. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर निष्काळजीपणाच वाटावी, इतकी ती साधी आहे. दासीला हाकलण्यामागचा डाव प्रेक्षकाला उमगतो तो पुष्कळ उशिरा. पुढे मिंगलान आजीच्या, म्हणजे शेंग होंगच्या सावत्र आईच्या, पदराखाली वाढते आणि हुशारी लपवायला शिकते.

तिच्या प्रेमाचे दोन पदर आहेत. ड्यूकच्या घरचा छी हेंग तिच्यावर जीव टाकतो, पण त्याच्या आईला उपपत्नीची मुलगी सून म्हणून नको आहे. मुलाचे मन चांगले असूनही घरापुढे त्याचे काही चालत नाही. दुसरा गू टिंगये हा बदनाम, घरातून बाहेर पडलेला उमराव. पहिल्याच भागात वाग्दानात भेट आलेले हंस पणाला लावून तो कलशात बाण टाकण्याचा डाव मांडतो आणि लहानगी मिंगलान तो जिंकून घराची अब्रू राखते. त्याचेही दुखणे वाड्यातलेच: गोड बोलून त्याला बिघडवणारी सावत्र आई. दोघे एकमेकांना ओळखतात ते यामुळेच. त्यांचा विवाह हा आधी करार आणि मग प्रेम, अशा क्रमाने फुलतो. कोठीच्या वह्या तपासत ती सासरची लबाडी उघड करते ते प्रसंग शृंगाराच्या दृश्यांपेक्षा अधिक जिव्हाळ्याचे उतरले आहेत. मिंगलान (झाओ लीयिंग) व गू टिंगये (फंग शाओफंग) यांच्या संयत अभिनयाचा यात मोठा वाटा आहे. कादंबरीत सोयरीक जुळावी म्हणून मिंगलानचे नाव थोरल्या आईच्या नावावर चढवले जाते; अशी नोंद प्रत्यक्षात कितपत मान्य होई, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

नंतरच्या मालिका: ‘झेन हुआनची कथा’ (२०११, ७६ भाग, दिग्दर्शक झेंग श्याओलोंग) आणि २०१८ मधील यानशी हा महाल व रूयी ही राणी यांच्यावरील दोन मालिका राजवाड्याच्या परंपरेतील. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या एका सरकारी दैनिकाने राजवाडा-मालिकांवर ऐषआराम व कारस्थाने यांचे उदात्तीकरण केल्याची टीका केली, आणि २०१८ च्या त्या दोन्ही मालिकांचे उपग्रह वाहिन्यांवरील प्रक्षेपण थांबले. मिंगलान त्याच सुमारास चालू होती व ती पूर्ण झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये राष्ट्रीय नियामकाने मालिका ४० भागांपेक्षा लांब न करण्याची सूचना काढली. २०२१ मधील ‘जिनशिन सी यू’ (४५ भाग) मिंग काळातील भरतकामात निपुण अशा शू मुलीची कथा सांगते. २०२४ ची ‘मोयू युनज्येन’ नेमकी ४० भागांची असून तीत नवऱ्याने जिवंत पुरलेली स्त्री दुसऱ्या मुलीचे नाव धारण करून तिच्या वाड्यात शिरते. सावत्र आईचे कारस्थान आणि नायिकेची प्रेमकथा तीत फार वेगाने उरकली जातात, आणि कोळशाच्या टोपलीसारख्या तपशिलांना वाव उरत नाही.